सॅन होजेचा ताइको

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात, जपानटाउन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहानशा वस्तीत, जोदो शिन्शू पंथाचं एक बौद्ध मंदिर आहे. दर जुलैमध्ये मंदिराबाहेर ओबोनचा, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाचा उत्सव भरतो. रस्ता बंद करतात, शेकडो माणसं रांगा धरून नाचतात आणि ताइको, म्हणजे जपानी ढोल, वाजत असतात. वादक एक गुडघा वाकवून, दुसरा पाय मागे ताणून उभे राहतात. टिपरं डोक्याच्या वर जातात आणि एकाच क्षणी सगळी खाली येतात.

पहिल्यांदा पाहणाऱ्याची खात्रीच होते की हे सारं हजार-दीड हजार वर्षं असंच चालत आलं असणार. वाद्य तेवढं जुनं आहे, हे खरं. पण अनेक ढोल एकत्र मांडून वाजवण्याची ही पद्धत जपानातही १९५१ सालची. सॅन होजेचं पथक १९७३चं. आणि ज्या ढोलांवर ते उभं राहिलं, ते मुळात वाइन मुरवण्याची ओकच्या लाकडाची पिंपं होती.

अमेरिकेत जन्मलेली, बहुतेक करून जपानी न बोलणारी तरुण मुलं वाइनची पिंपं तासत का बसली, याचं उत्तर संगीताच्या इतिहासात सापडत नाही. त्यासाठी एका सरकारी आदेशापर्यंत मागे जावं लागतं, आणि त्याच्याही आधी फळबागांपर्यंत.

आज ज्याला सिलिकॉन व्हॅली म्हणतात, ते सांता क्लारा खोरं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्दाळू आणि आलुबुखारच्या बागांनी भरलेलं होतं. बागांना मजूर हवे होते. चिनी मजुरांच्या येण्यावर १८८२च्या कायद्याने बंदी घातली, तेव्हा त्यांची जागा जपानी तरुणांनी घेतली. सॅन होजेत त्यांनी बिऱ्हाडं केली तीही चिनी वस्तीला लागूनच. तिथे खाणावळी आल्या, दुकानं आली, १९०२ साली बौद्ध संघ स्थापन झाला. या पहिल्या पिढीला 'इस्सेई' म्हणतात.

मग चिन्यांचं जे झालं, तेच यांचं झालं. १९०७-०८मध्ये दोन सरकारांनी आपसात समझोता करून मजुरांचं येणं थांबवलं. ज्यांना नागरिक होता येत नाही अशा परदेशी माणसांनी शेतजमीन विकत घेऊ नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने १९१३ साली केला. नागरिक कोणाला होता येत नाही, ते सर्वोच्च न्यायालयाने १९२२च्या नोव्हेंबरात ताकाओ ओझावा यांच्या खटल्यात सांगितलं: जपान्यांना नाही, कारण ते गोरे नाहीत. तीनच महिन्यांनी त्याच न्यायालयाने भगतसिंग थिंद या पंजाबी माणसालाही तोच निकाल ऐकवला. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, पण त्याचा उपयोग झाला नाही. १९२४च्या कायद्याने उरलंसुरलं दारही बंद केलं. इस्सेई माणूस आयुष्यभर राबला तरी कागदावर परकाच राहिला. अमेरिकेत जन्मलेली त्याची मुलं, 'निसेई', तेवढी जन्माने नागरिक.

या काळात ढोल होता, पण एकटा. १९३०च्या दशकात योशिओ इवानागा या धर्मगुरूंनी मंदिरामंदिरांत फिरून ओबोनचे नाच शिकवले, त्या नाचांना ठेका धरायला एखादा ढोल लागे. उत्सव आटोपला की तो पुन्हा मंदिराच्या कोठीत जाई. त्याचं पथक वगैरे करावं, हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि काही तासांतच वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसांची धरपकड सुरू झाली. त्यात बौद्ध धर्मगुरू होते, जपानी भाषेचे शिक्षक होते, व्यापारी होते. घरोघरी लोकांनी जपानी पुस्तकं, पत्रं, फोटो, बाहुल्या जाळून किंवा पुरून टाकल्या. जपानीपणाचा पुरावा घरात नको, एवढीच त्या घडीची अक्कल. १९ फेब्रुवारी १९४२ला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६वर सही केली. त्या एका कागदाच्या जोरावर पश्चिम किनाऱ्यावरची सुमारे १,२०,००० जपानी वंशाची माणसं घरातून उठवून आतल्या ओसाड मुलखातल्या दहा छावण्यांत कोंडण्यात आली. त्यातली साधारण दोन तृतीयांश अमेरिकेची नागरिक होती. आरोप नाही, खटला नाही. सोबत न्यायचं ते हातात मावेल तेवढंच.

सॅन होजे परिसरातल्या बहुतेक कुटुंबांना आधी लॉस एंजेलिसजवळच्या सांता अनिता रेसकोर्सच्या आवारात ठेवलं. तिथे कित्येकांच्या वाट्याला घोड्यांचे तबेले आले. मग रेल्वेने वायोमिंग राज्यातल्या हार्ट माउंटन छावणीत. भर काळात तिथे दहा हजारांवर माणसं होती. लोकसंख्येच्या हिशेबाने ती छावणी त्या राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर ठरली असती. सॅन होजेहून निघालेल्यांमध्ये नॉर्मन मिनेता नावाचा दहा वर्षांचा मुलगा होता. अंगात कब स्काउटचा गणवेश, हातात बेसबॉलची बॅट. बॅट हत्यार म्हणून वापरता येईल, असं म्हणून लष्करी पोलिसांनी ती काढून घेतली. ही गोष्ट मिनेता यांनी पुढे आयुष्यभर सांगितली. १९७१ साली ते सॅन होजेचे महापौर झाले, नंतर काँग्रेसमध्ये गेले, मंत्री झाले. शहराच्या विमानतळाला त्यांचंच नाव आहे.

युद्ध संपलं आणि माणसं परतली. पुष्कळांची घरं आणि शेतं हातची गेली होती. कित्येक बौद्ध मंदिरांनी परतलेल्यांसाठी आपल्या सभागृहांत तात्पुरता आसरा केला. पण छावणीचा खरा परिणाम दिसला तो पुढच्या वीस वर्षांत, आणि तो मौनाचा होता. निसेईंनी ठरवल्यासारखं मागे पाहिलं नाही. आपली मुलं चांगली इंग्रजी बोलावीत, शाळेत पुढे यावीत, कुणाच्या डोळ्यांवर येऊ नयेत. घरात 'कॅम्प'चा उल्लेख निघे, पण तो इतका ओझरता की ही तिसरी पिढी, म्हणजे 'सान्सेई', आईबाप सुट्टीतल्या एखाद्या शिबिराबद्दल बोलताहेत असंच समजत आली. जपानी भाषा दोन पिढ्यांत गेली. ज्यांचं जपानीपण देशाने गुन्हा ठरवलं होतं, त्यांनी ते मुलांना दिलं नाही. याबद्दल त्यांना दोष देता येत नाही.

सान्सेई कॉलेजात गेले तेव्हा १९६०चं दशक संपत आलं होतं. व्हिएतनामचं युद्ध टीव्हीवर रोज दिसत होतं, आणि त्यात अमेरिकेचा शत्रू पुन्हा एकदा आशियाई चेहऱ्याचा होता. कृष्णवर्णीयांची चळवळ आपला इतिहास, आपले केस, आपलं संगीत अभिमानाने मिरवायला शिकवत होती. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात १९६८-६९मध्ये महिनोन् महिने विद्यार्थ्यांचा संप चालला. आपापल्या समाजाचा इतिहास अभ्यासक्रमात आणा, ही त्याची मुख्य मागणी. १९६८मध्येच बर्कलेतल्या तरुणांनी 'एशियन अमेरिकन' हे नाव घेतलं. डिसेंबर १९६९मध्ये सुमारे दीडशे जण मान्झानारच्या उजाड छावणीत यात्रेला जावं तसे जाऊन आले. आईबापांचं मौन मुलांनी असं मोडायला घेतलं. पण मोर्चे आणि अभ्यासवर्ग संपल्यावर प्रश्न उरत होता. काळ्या मित्रांकडे सोल होतं, मेक्सिकन मित्रांकडे त्यांची गाणी आणि भित्तिचित्रं होती. आपल्याकडे काय?

याच वेळी जपानात ढोलाचं रूप पालटून झालं होतं. नागानो प्रांतात दाइहाची ओगुची नावाचे जॅझ ड्रमवादक होते. देवळातल्या ढोलाच्या जुन्या लेखनाचा एक कागद त्यांच्या हाती आला. एकच माणूस एकसुरी वाजवतो, यात त्यांना काही राम वाटेना. जॅझच्या ड्रमसेटमध्ये वेगवेगळ्या आवाजांची कामं वाटलेली असतात, तशीच त्यांनी लहान-मोठ्या ढोलांवर वाटली आणि प्रत्येक ढोलावर एकेक माणूस उभा केला. 'ओसुवा दाइको' हे त्यांचं पथक १९५१चं. आज ज्याला आपण जपानची प्राचीन ढोलविद्या समजतो, तिच्या मुळाशी अमेरिकेचं जॅझ आहे. म्हणजे सान्सेईंनी ताइको हाती घेतला तेव्हा एका अर्थी अमेरिकेचंच देणं अमेरिकेत परत येत होतं, पण हे तेव्हा कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं.

अमेरिकेत ताइको दोन वाटांनी उगवला. पहिली वाट सेइची तानाका यांची. १९६७ साली जपानहून आलेला हा तरुण दुसऱ्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या चेरी ब्लॉसम उत्सवात ढोल घेऊन उभा राहिला आणि त्याच वर्षी त्याने सॅन फ्रान्सिस्को ताइको दोजो सुरू केली. दोजो म्हणजे आखाडाच. धावणं, दंड, गुरूची आज्ञा, चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. तानाकांचा ताइको जपानमधून शिकून आणलेला होता आणि त्यांना तो तसाच टिकवायचा होता.

दुसरी वाट लॉस एंजेलिसच्या सेनशिन बौद्ध मंदिरातली. तिची सुरुवात तिथल्या जुन्या मंडळींनी मुलाखतींतून पुष्कळदा सांगितली आहे. १९६९ सालचा ओबोन उत्सव संपला होता. धर्मगुरू मासाओ कोदानी आणि जॉर्ज आबे ढोल आत ठेवायला गेले आणि ठेवता ठेवता त्यावर वाजवू लागले. तासन् तास वाजवलं, हाताला फोड आले, ते फुटले. थांबल्यावर त्यांना वाटलं की आपण एक पथक का करू नये? नाव ठेवलं 'किन्नरा', बौद्ध पुराणकथांतल्या स्वर्गीय वादकांवरून. आपल्याला गंधर्वांच्या जोडीने जे किन्नर ठाऊक आहेत, तेच हे. या पथकाला गुरू नव्हता. शिकवणारा नव्हता म्हणून आधी, आणि नको म्हणून नंतर. धर्मगुरूंच्या दृष्टीने वाजवणं हीच साधना होती. वाहवा मिळवायला वाजवलं की ती मोडली.

किन्नराची खरी अडचण ढोलांची. उत्तम ताइको एका अखंड खोडातून कोरतात, झेलकोवाच्या झाडाच्या. तसा मोठा ढोल जपानहून मागवायचा तर हजारो डॉलर. मंदिरातल्या तरुणांकडे तेवढे पैसे कुठले? पण कॅलिफोर्नियात एक वस्तू मुबलक होती: वाइनची पिंपं. ओकची, मधे फुगीर, आकाराने जवळपास ताइकोसारखीच. लोखंडी कड्या काढल्या की पट्ट्या उकलून पडू नयेत म्हणून सांधे सरसाने पक्के करायचे, मग बाहेरून तासून घासून गुळगुळीत करायचं, पॉलिश चढवायचं. गाईगुरांचं कातडं पाण्यात भिजत घालायचं, कधी कधी घरच्या बाथटबमध्येच. ते भिजलं की त्याच्या कडेला भोकं पाडून दोर ओवायचे, दोर खाली बांधून पिंप मोटारीच्या जॅकने वर रेटत कातडं ताणायचं, आणि पुरेसं ताणलं की चौफेर खिळे ठोकायचे. टिपरांसाठी दुकानात मिळणारे लाकडी दांडे कापून घ्यायचे. पहिले प्रयत्न फसले, कातडी फाटली, आवाज बद्द निघाला. जमलं तेव्हा मात्र मोठी गोष्ट घडली: ढोल जपानहून आणायची गरज संपली. अमेरिकेत पुढे जी शेकडो पथकं झाली, ती या एका युक्तीशिवाय झालीच नसती, असं माझं मत आहे.

आता सॅन होजे. तिथल्या बौद्ध मंदिरातले तरुण धर्मगुरू हिरोशी आबिको यांनी किन्नराचं वादन पाहिलं होतं. आपल्या मंदिरातल्या युवक संघाला काहीतरी हवंहवंसं द्यावं, या विचारात ते होते. बास्केटबॉल आणि सहलींनी कॉलेजची मुलं मंदिरात टिकत नव्हती. त्यांनी रॉय हिराबायाशी आणि डीन मियाकुसु या दोघांना हाताशी धरलं. रॉय तेव्हा सॅन होजे स्टेटमध्ये शिकत होते आणि चळवळीत मुरलेले होते. १९७३ साली 'सॅन होजे ताइको ग्रुप' सुरू झाला. महापौरांच्या खुर्चीत तेव्हा मिनेता होते. छावणीतून आलेला मुलगा शहर चालवत होता आणि छावणीतून आलेल्यांची मुलं ढोल घडवत होती. हा योगायोग नव्हे. दोन्ही एकाच जागेपणाची फळं होती.

ढोल घडवायची कृती किन्नराकडून मिळाली. वाजवायचं काय आणि कसं, हे मात्र नक्की नव्हतं. सुरुवातीच्या काळात ही मंडळी तानाकांकडूनही शिकली. ताइको आधी तोंडाने शिकतात: दोन, दोको, का, त्सु... तबलजी बोल पाठ करतो तसे. शरीराची ठेवण, श्वास, जोर, हे सगळं तानाकांकडून घेण्यासारखं होतं. पण त्या तालमीत गुरूची आज्ञा शेवटची असे, आणि आदर्श जपानचा असे. चळवळीतून आलेल्या मुलांना दोन्ही पटेना. आपण जपानी नाही, आपण जपानी अमेरिकन आहोत. मग जपानची नक्कल का करायची? सॅन होजेच्या पथकाने आपली वाट वेगळी केली. त्यात तानाकांचा अनादर नव्हता. पण पुढच्या पन्नास वर्षांचं वळण या निर्णयाने ठरलं.

त्यांनी गुरू नेमला नाही. निर्णय बैठकीत, सर्वांच्या संमतीने. ढोल आपण घडवायचे, पोशाख आपण शिवायचे, रचनाही आपणच करायच्या. बैठकी लांबत, तालीम बाजूला राही आणि वादच चालत; असल्या मंडळांचं जे होतं ते यांचंही झालं. पण रचना आल्या. गॅरी त्सुजिमोतो यांची १९७८ सालची 'गेंदाइ नि इकिरु' ही त्यातली एक. नावाचा भाव असा की आम्ही आजच्या काळात जगतो. ही मुलं बे एरियात वाढलेली, त्यांच्या कानात सोल, लॅटिन, जॅझ, रॉक सगळं मुरलेलं. ते ढोलावर उतरलं. आफ्रिकी आणि ब्राझिली ठेके आले, काउबेल आणि शेकर आले. शुद्धतावाद्यांना हे खटकलं असणार. पण ओगुचींनी जॅझ घेतलं ते चाललं, मग यांनी साम्बा घेतला तर काय बिघडलं?

या पथकाला आकार देण्यात सर्वांत मोठा वाटा पी. जे. हिराबायाशी यांचा. त्या सुरुवातीच्या वर्षांतच पथकात आल्या, नगररचनेचं शिक्षण घेताना त्यांनी सॅन होजेच्या जपानटाउनचाच अभ्यास केला होता, आणि पुढे त्या पथकाच्या कलादिग्दर्शक झाल्या. रॉय व्यवस्थापन पाहू लागले. नव्या माणसाकडून हे पथक चार गोष्टींची अपेक्षा ठेवतं: वृत्ती, देहाची ठेवण, वादनाचं तंत्र आणि 'की', म्हणजे आतला जोम. नुसता हात तयार असून भागत नाही. मोठी उमेदवारी करावी लागते, त्यात झाडलोट आणि ढोलांची चढउतारही आली.

पी. जे. यांच्यामुळे आणखी एक गोष्ट ठळक झाली. जपानात मोठ्या ढोलासमोर उघड्या पाठीचा, लंगोट लावलेला पुरुष, हे ताइकोचं जगप्रसिद्ध चित्र. ओन्देकोझा आणि नंतर कोदो या सादो बेटावरच्या पथकांनी ते पक्कं केलं. अमेरिकेत सुरुवातीच्या वर्षांपासून बायका ढोलावर होत्या. अमेरिकन सिनेमांनी आशियाई स्त्री नेहमी लाजरी, खाली पाहणारी, कुजबुजणारी अशीच दाखवली होती. तिथे या बाया पाय फाकून उभ्या राहत, पोटातून आरोळी देत आणि दंडाच्या ताकदीने पिंप हादरवत. आज अमेरिकेतल्या ताइकोवादकांत बहुसंख्या स्त्रियांची आहे. संगीताच्या अभ्यासक डेबोरा वाँग यांनी स्वतः अनेक वर्षं ताइको वाजवून त्यावर २०१९ साली एक ग्रंथ लिहिला. त्यातही ढोल वाजवणाऱ्या आशियाई स्त्रीच्या शरीराला मध्यवर्ती जागा आहे.

पुढचा प्रसार भराभर झाला. सॅन होजेचं पथक कॅनडात व्हँकूव्हरच्या पॉवेल स्ट्रीट उत्सवात वाजवून आलं आणि त्यातून १९७९ साली तिथे 'कातारी ताइको' हे कॅनडातलं पहिलं पथक उभं राहिलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या बौद्ध मंदिरात 'सोह दाइको' सुरू झालं. डेन्व्हर, सॅक्रामेंटो, मग विद्यापीठं: लॉस एंजेलिस १९९०, स्टॅनफर्ड १९९२. १९८७मध्ये कोदोने सॅन होजेच्या पथकाला जपानच्या दौऱ्यावर बोलावलं. नातवंडांनी वाइनच्या पिंपांवर बसवलेला ताइको आजोबांच्या देशात वाजला.

दुसऱ्या वर्षी, १० ऑगस्ट १९८८ला, अध्यक्ष रेगन यांनी एका कायद्यावर सही केली. छावण्यांबद्दल देशाने माफी मागितली, आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर भरपाई दिली. हा कायदा काँग्रेसमध्ये रेटणाऱ्यांत मिनेता पुढे होते. ताइकोमुळे माफी मिळाली, असं कुणी म्हणू नये. ती साक्षींनी, वकिलांनी आणि मतांनी मिळवली. पण निसेईंनी चाळीस वर्षांनी बोलावं, म्हणून जी हवा तयार व्हावी लागली, तिच्यात मुलांच्या ढोलांचा हात होता. ज्या समाजाने शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने जगायचं ठरवलं होतं, त्याची मुलं चौकात उभी राहून एवढा आवाज करत होती.

१९९४ साली पी. जे. यांनी 'एइ जा नाइ का' ही रचना केली. जपानात १८६७ साली, शोगुनांची सत्ता कोसळत असताना, लोक हेच शब्द म्हणत रस्त्यांवर बेभान नाचले होते. पी. जे. यांनी त्या नाचात इस्सेईंचे कष्ट घातले: नांगरणं, जाळं ओढणं, रुळांवर घण घालणं. आणि रचना सर्वांना खुली ठेवली. कुणीही शिकावी, बदलावी, आपल्या उत्सवात नाचावी. या उदारपणाची किंमत पाच वर्षांनी कळली. १९९९मध्ये टोक्योच्या ओएदो सुकेरोकु या नामांकित पथकाने, आपल्या रचना आणि तिरप्या ढोलावर वाजवण्याची आपली शैली परवानगीशिवाय वापरू नये, असं अमेरिकेतल्या पथकांना कळवलं. खळबळ उडाली. कारण ती शैली अनेक पथकांच्या अंगवळणी पडली होती, आणि पुष्कळांना ती 'परंपरा' आहे, म्हणजे कुणाचीच नाही, असं वाटत होतं. प्रत्यक्षात तिचे जनक हयात होते. परंपरा किती तरुण आहे, हे यापेक्षा स्पष्ट कशाने कळणार? सुकेरोकुचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण अमेरिकेतला ताइको वाढला तो मागून-देऊनच, आणि १९९७ साली लॉस एंजेलिसला भरलेल्या पहिल्या उत्तर अमेरिकी ताइको परिषदेत त्या देवघेवीचं रूप सर्वांनी पाहिलं होतं.

आता अमेरिका आणि कॅनडात दोनशेहून जास्त पथकं आहेत. त्यांतल्या कित्येकांत जपानी वंशाची माणसं अल्पसंख्य आहेत. सॅन होजेतही २०११ साली हिराबायाशी दांपत्याने सूत्रं फ्रँको इम्पीरियल आणि विसा उएमुरा यांच्याकडे दिली. संस्थापकांनी हयातीत जागा सोडली, आणि पथक बंद पडलं नाही. सार्वजनिक कामात हे किती दुर्मीळ आहे, ते महाराष्ट्रात सांगायला नको. त्याच खोऱ्यात आता गणपतीत मराठी मंडळींची ढोल-ताशा पथकं वाजतात. दोन्हींत साम्य शोधायचा मोह होतो, पण फरक मोठा आहे. आपल्या लोकांनी ढोल इथून नेला, ठेका इथून नेला, आणि त्यासाठी त्यांना कुणी कोंडलं नव्हतं. सान्सेईंकडे नेण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. त्यांनी लाकडापासून सुरुवात केली.

या यशाला एक उणी बाजूही आहे. ताइको आता अमेरिकेला आवडतो. कंपन्यांच्या समारंभांना, शाळांच्या 'विविधता दिना'ला, मॅरेथॉनच्या कडेला तो हमखास असतो. पाच मिनिटांचा जोरकस, रंगीत, कुणालाही न बोचणारा कार्यक्रम. ऐकणाऱ्याला १९४२ माहीत असण्याची गरज उरत नाही. अनेक नव्या वादकांनाही ते माहीत नसतं. त्यांच्यासाठी तो व्यायाम आहे, छंद आहे. यात गुन्हा काही नाही. पण जे वाद्य मौन मोडण्यासाठी उचललं गेलं, ते नुसती करमणूक होऊन बसलं तर तो सन्मानाने झालेला पराभवच म्हणावा लागेल. सॅन होजेच्या पथकाने हा धोका ओळखला आहे असं दिसतं. त्यांनी जपानटाउन सोडलं नाही आणि ओबोनही सोडला नाही.

अमेरिकी सरकारची एक राष्ट्रीय वारसा फेलोशिप आहे. लोककला आणि परंपरागत कलांसाठी देशातला हा सर्वोच्च मान. २००१ साली तो सेइची तानाका यांना मिळाला, २०११ साली रॉय आणि पी. जे. हिराबायाशी यांना. ज्या सरकारच्या भीतीने आजी-आजोबांनी बाहुल्या जाळल्या, त्याच सरकारने नातवंडांनी नव्याने घडवलेली कला राष्ट्राचा वारसा म्हणून गौरवली. मिनेता २०२२ साली गेले.

मराठी घरांतली पुष्कळ माणसं मुला-नातवंडांकडे सॅन होजेला जाऊन येतात. मुक्काम फेब्रुवारीत असेल तर १९ तारखेच्या आसपास जपानटाउनमध्ये चक्कर टाका. आदेश क्रमांक ९०६६च्या स्मरणार्थ दरवर्षी बौद्ध मंदिरात सभा भरते, मग मेणबत्त्या घेऊन वस्तीतून फेरी निघते. २००१ सालच्या सप्टेंबरनंतर मुसलमानांकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं, तेव्हापासून त्यांच्या समाजातले वक्तेही या सभेत बोलतात. ताइको वाजतो. सभा सर्वांना खुली असते.